अळी खाईल, आपण फेकू

गेले पाच-सहा वीकएंड इथे काही लिहिलं नाही. रिलीज, प्रॉडक्शन सपोर्ट वगैरे नेहमीची कारणं आहेतच, पण खरं कारण आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे ठेवलेल्या दोन निळ्या बादल्या आहेत. बादल्यांचं शेवटी सांगतो. आधी डोक्यात जे साचलंय ते बाहेर पडू दे.

तर झालं असं. दीड महिन्यापूर्वी सोसायटीच्या मीटिंगला एक सद्गृहस्थ आले. टाय, लॅपटॉप, स्वतःचा प्रोजेक्टर. कचऱ्याचं 'सोल्यूशन' विकायला आले होते. पहिल्याच स्लाइडवर एक गुबगुबीत पांढरी अळी, प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून बाहेर डोकावणारी. मग त्यांनी बॅगेतून एक पाकीट काढलं, त्यात तपकिरी पावडर. या अळीच्या आतड्यातले जिवाणू म्हणे त्या पावडरीत आहेत. कचऱ्यावर भुरभुरायची, ४५ दिवस थांबायचं, ओलं-सुकं, भाजीची देठं आणि दुधाच्या पिशव्या, सगळ्याचं खत. "आणि मुख्य म्हणजे," ते म्हणाले, "वेगवेगळं करायची कटकटच नाही."

टाळ्या पडल्या. खोटं नाही सांगत, आमच्या सोसायटीत आजवर टाळ्या फक्त गणपतीच्या बक्षीस समारंभात पडल्या आहेत. अळीला नव्हत्या त्या, 'कटकट नाही' ला होत्या. ठराव 'तत्त्वतः मान्य' झाला. अंतिम निर्णय पुढच्या मीटिंगला, म्हणजे येत्या रविवारी. पावडर अजून आलेली नाही, पण दुसऱ्याच दिवसापासून निम्म्या घरांनी दोन डबे ठेवणं बंद केलं. नाहीतरी आता जिवाणूच खाणार आहेत!

आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला एक ताई येतात. मजल्यामजल्यावर फिरतात, मग खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुकं निवडतात. ते भंगारवाल्याला विकून त्यांचा महिना निघतो. सोसायटी जे देते त्यात निघत नाही. नव्या योजनेत सगळा कचरा एकत्र एका टाकीत जाणार, तेव्हा त्यांचं काम संपलं. मीटिंगमध्ये हा मुद्दा मी काढला तर सेक्रेटरी काका म्हणाले, "त्यांना बागकामाला घेऊ की." आमच्या बागेत अकरा कुंड्या आहेत.

मीटिंगनंतर लिफ्टमध्ये आमच्याच मजल्यावरचा एक जण, माझ्याच लाइनमधला, म्हणाला, "अरे सायन्स आहे ते. स्टॅनफर्डचा पेपर आहे. तू तरी विरोध करू नकोस."

आता मला राग त्या पावडरवाल्याचा नाही. तो विकायला आला होता, त्याने विकलं. राग आपल्या जमातीचा आहे. आपण दिवसभर दुसऱ्याच्या कोडमध्ये खोट काढतो, 'लोड टेस्ट झाली का' विचारल्याशिवाय साधं लॉगिनचं पान लाइव्ह जाऊ देत नाही, आणि संध्याकाळी अळीचा फोटो दाखवला की आपली सगळी अक्कल शेजारच्या खुर्चीवर काढून ठेवतो.

आधी कबुली. २०१७ साली हा फॉरवर्ड मीही केला होता. मोठ्या उत्साहाने, ऑफिसच्या ग्रुपवर. गोष्टच इतकी झकास होती. फेडेरिका बेर्तोक्किनी नावाच्या एक जीवशास्त्रज्ञ, स्पेनमधल्या सांतांदेरला. घरी हौसेने मधमाश्या पाळणाऱ्या. पोळ्यांना मेणकिडा लागला म्हणून त्यांनी अळ्या वेचून एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या, आणि थोड्या वेळाने बघतात तर पिशवीची चाळण आणि अळ्या घरभर. मधपेट्या सांभाळणाऱ्या कुणालाही हा मेणकिडा विचारा, शिव्याच ऐकू येतील. पोळ्यातलं मेण पोखरून तो वसाहतीच्या वसाहती बसवतो. तर बेर्तोक्किनी आणि केंब्रिजच्या दोन जणांनी मिळून एप्रिल २०१७ मध्ये शोधनिबंध काढला: १०० अळ्यांनी १२ तासांत पॉलिथिनच्या पिशवीचा ९२ मिलिग्रॅम भाग संपवला. जगभर बातमी झाली. आपल्याकडेही झाली. 'प्लास्टिकच्या राक्षसाला खाणारी अळी' छापाची.

९२ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कमी. पण ते जाऊ दे, आकड्यांकडे नंतर येतो.

मी जे फॉरवर्ड केलं नाही ते सांगतो, कारण ते माझ्यापर्यंत आलंच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच नियतकालिकात, जर्मनीतल्या माइंझच्या रसायनशास्त्रज्ञांनी एक छोटं टिपण छापलं. मूळ प्रयोगात अळ्या वाटून त्यांचा लगदा पॉलिथिनवर फासला होता आणि मग इन्फ्रारेड तपासणीत दिसलेल्या खुणांवरून प्लास्टिकचं रासायनिक विघटन झालं असा निष्कर्ष काढला होता. माइंझवाल्यांनी काय केलं? अंड्याचा पिवळा बलक आणि डुकराच्या मांसाचा खिमा पॉलिथिनवर फासला आणि तीच तपासणी केली. खुणा बऱ्याचशा तशाच दिसल्या! म्हणजे यंत्राला जे दिसलं ते पचलेलं प्लास्टिक नसून नीट न पुसलेली अळी असू शकते. मूळ लेखकांनी आपली बाजू मांडली, वाद चालू राहिला. पण खिम्याची बातमी कुठल्या ग्रुपवर फिरली का? माझ्या तरी नाही.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, आणि सगळी गोची त्यातच आहे. कुरतडणं वेगळं, गिळणं वेगळं आणि पचवणं वेगळं. उंदीर वायर कुरतडतो म्हणून त्याला कोणी तांबं पचवणारा प्राणी म्हणत नाही. अळीच्या जबड्यातून प्लास्टिकला भोक पडलं, तुकडे पोटात गेले, दुसऱ्या बाजूने आणखी बारीक होऊन बाहेर आले, तर विघटन शून्य. उलट जो कचरा हाताने उचलता येत होता त्याची आपण भुकटी केली.

पॉलिथिन पचवणं अवघड का, तर त्याची रचना अतिशय सरळसोट आहे. कार्बनला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन, हजारो कड्यांची साखळी, बाजूने हायड्रोजन. एन्झाइमला चिमटा लावायला कुठे सांधाच नाही. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, त्या मानाने बरं. त्यात ठरावीक अंतरावर एस्टरचे सांधे असतात आणि एस्टर तोडणारी एन्झाइम्स निसर्गात पूर्वीपासून आहेत. मेणातही एस्टर आहेत आणि लांब कार्बनच्या साखळ्याही आहेत, म्हणून मेणकिड्याकडे लक्ष गेलं. हा तर्क मूर्खपणाचा नाही. बघायलाच हवं होतं, आणि त्यांनी बघितलं.

आता त्या 'आतड्यातल्या जिवाणूं'कडे येऊ, कारण पावडर त्यांच्याच नावाने विकली जातेय.

आतड्यातल्या जिवाणूंचं काम मेणकिड्याच्या बातमीच्या आधीचं आहे. २०१४ साली बीजिंगच्या बैहांग विद्यापीठातल्या यांग जुन यांच्या गटाने पिठात होणाऱ्या पतंगाच्या अळीवर काम केलं. आपल्याकडे पावसाळ्यात पिठाला जाळी धरते ना, तीच ही मंडळी. (तिच्या इंग्रजी नावात 'इंडियन' आहे, पण आपला काही संबंध नाही. अमेरिकेत पूर्वी मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत, त्यावरून ते आलं.) तिच्या आतड्यातून त्यांनी दोन जिवाणू वेगळे केले, १०० मिलिग्रॅम पॉलिथिनच्या फिल्मबरोबर ६० दिवस ठेवले आणि वजनात साधारण ६ टक्के आणि ११ टक्के घट मोजली. प्रयोगशाळेत, निवडलेले शुद्ध जिवाणू, पातळ फिल्म, दोन महिने, आणि उत्तर ६ ते ११ मिलिग्रॅम. विज्ञान म्हणून उत्तम. सोसायटीच्या टाकीसाठी तुम्हीच ठरवा.

मग २०१५ साली यांग आणि स्टॅनफर्डचे वेइ-मिन वू यांचं काम आलं, तेच माझ्या लिफ्टमित्राचं 'स्टॅनफर्ड'. पिवळ्या भुंग्याची अळी, जी पाळलेल्या पक्ष्यांना खायला घालतात, आणि थर्मोकोल. हे काम मला मनापासून आवडतं, कारण त्यांनी 'गिळलं की पचवलं' हा प्रश्न सरळ विचारला. थर्मोकोलमधला कार्बन खुणेचा वापरला, १३ वजनाचा, आणि मग तो कार्बन अळीच्या उच्छ्वासात आणि तिच्या चरबीत शोधला. सापडला! अळ्यांना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर थर्मोकोल तोडण्याची क्षमता गेली. म्हणजे जिवाणूंचा हात आहे. १६ दिवसांच्या प्रयोगात खाल्लेल्या कार्बनपैकी ४७.७ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला आणि ४९.२ टक्के विष्ठेतून बाहेर पडला. आणि तोच जिवाणू आतड्यातून काढून काचेच्या भांड्यात थर्मोकोलवर सोडला, तेव्हा ६० दिवसांत वजन जेमतेम ७.४ टक्के कमी झालं.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. अळीच्या पोटात जे एक-दोन दिवसांत होतं, तेच बाहेर काढलेला जिवाणू दोन महिन्यांत नीट करू शकत नाही. कारण अळी म्हणजे फक्त जिवाणूंची पिशवी नाही. तिचा जबडा आहे जो माल दळतो, तिचे स्वतःचे पाचक रस आहेत, डझनावारी जिवाणूंची एकत्र वस्ती आहे. त्यातला एक घटक वाळवून पाकिटात भरला की अळी होत नाही. आख्ख्या सिस्टिममधली एक लायब्ररी उचलून नेली आणि ऍप का चालत नाही म्हणून विचारलं, तसं.

आणि गंमत पाहा. पावडरवाल्याच्या स्लाइडवर होता मेणकिडा. मेणकिड्याच्या बाबतीत आतड्यातल्या जिवाणूंचं श्रेयच वादात आहे. २०१९ मध्ये एका अभ्यासात दिसलं की ही अळी मेणातल्या लांब साखळ्या जिवाणूंशिवाय, स्वतःच्या बळावर पचवू शकते. आणि खुद्द बेर्तोक्किनींच्या गटाने २०२२ मध्ये जो दावा केला तो आतड्याचा नव्हताच, लाळेचा होता! लाळेतल्या दोन प्रथिनांना त्यांनी सुगीच्या देवतांची नावं दिली, डिमीट्रा आणि सेरेस, आणि ती काही तासांत पॉलिथिनचं ऑक्सिडेशन करतात असं मांडलं. म्हणजे आमच्या सोसायटीला एका अळीचा फोटो दाखवला, दुसरीच्या आतड्याची गोष्ट सांगितली आणि तिसरंच काहीतरी पाकिटात घालून दिलं.

लाळेची बातमीही गाजली. त्याच वर्षी चीनमधून आणखी एक आली: मक्यावरच्या लष्करी अळीच्या आतड्यातला क्लेब्सिएला जिवाणू पीव्हीसी तोडतो. ही तीच अमेरिकन लष्करी अळी, जिने २०१८ पासून आपल्याकडच्या मक्याच्या शेतकऱ्यांची झोप उडवली आहे. मग २०२४ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून एक कंटाळवाणं, बिनग्लॅमरचं, पण फार मोलाचं काम केलं. सेरेस घेतलं, क्लेब्सिएलाचं एन्झाइम घेतलं, आणि दोन्ही प्रयोग पुन्हा करून बघितले. वेगवेगळ्या परिस्थितीत, वेगवेगळ्या नमुन्यांवर. प्लास्टिकवर काहीही परिणाम दिसला नाही. नुसतं 'नाही' म्हणून ते थांबले नाहीत, मूळ निकालांचा अर्थ लावताना कुठे चूक झाली असावी तेही दाखवलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट 'कॅनॉट रिप्रोड्यूस' म्हणून परत आलं. फक्त इथे बग नाही, फीचरच रिप्रोड्यूस होत नाहीये. आणि फीचर मार्केटिंगने आधीच विकून टाकलंय.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, तू किती निगेटिव्ह. थर्मोकोलचं तरी खरं निघालं ना? निघालं. म्हणून तर २०२२ मध्ये मीही अळ्या पाळल्या. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचं 'सुपरवर्म'वरचं काम आलं होतं आणि मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आरोवाना मासे पाळणारे लोक माशांना हेच सुपरवर्म घालतात, तेव्हा माशांच्या दुकानात पन्नास अळ्या सहज मिळाल्या. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल होताच. अळ्यांनी पहिल्याच रात्री बोगदे पाडले. मुलगी नाचली, मी फोटो काढले. रात्री कान लावला तर कुरकुर ऐकू येई.

तीन आठवड्यांनी थर्मोकोलचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम कमी झालं होतं. अळ्या रोडावल्या होत्या, काहींनी एकमेकींनाच खाल्लं होतं. आणि डब्याच्या तळाशी काळ्या लेंड्यांबरोबर पांढरी भुकटी, पिठीसाखरेसारखी. मी ती गॅलरीत झटकायला गेलो आणि वाऱ्याची झुळूक आली. पुढचे चार दिवस ती भुकटी तुळशीच्या कुंडीत, वाळत घातलेल्या टॉवेलवर, खिडकीच्या रुळांत, सगळीकडे. बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. क्वीन्सलँडच्या अभ्यासातही, नीट वाचलं तर, असंच आहे: कोंडा खाणाऱ्या अळ्या धष्टपुष्ट झाल्या, थर्मोकोलवाल्यांचं वजन किंचित वाढलं, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली. त्या गटाचे ख्रिस रिंके स्वतःच म्हणत होते की अळ्यांच्या फौजा हा हेतू नाही, त्यांची एन्झाइम्स समजून घेणं हा आहे. शास्त्रज्ञ बिचारे जपून बोलतात. मथळा लिहिणारा आणि फॉरवर्ड करणारा जपून बोलत नाही.

आता आकडे. स्टॅनफर्डच्या आकड्यानुसार १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्मोकोल खातात. ३५ धरू. माझ्या टीव्हीबरोबर आलेला थर्मोकोल समजा ३०० ग्रॅम. १०० अळ्यांना तो संपवायला साडेतेवीस वर्षं लागतील. तोवर टीव्ही किती वेळा बदलाल? बरं, अळ्या वाढवू. दिवसाला एक टन थर्मोकोल खायचा असेल तर सुमारे २८५ कोटी अळ्या लागतील. एका अळीचं वजन दशांश ग्रॅम धरलं तर २८५ टन अळ्या, रोज एक टन खाण्यासाठी. त्यांना हवा, ओलावा, योग्य तापमान, आणि नुसत्या थर्मोकोलवर त्या धड वाढत नाहीत म्हणून वर कोंडाही घाला. आणि मग अर्धा कार्बन विष्ठेतून परत. जगात २०१९ मध्ये ३५ कोटी टनांहून जास्त प्लास्टिक कचरा झाला असं ओईसीडीचा अहवाल सांगतो. भागाकार तुम्ही करा, माझ्या कॅल्क्युलेटरला लाज वाटते.

आणि समजा, उद्या सगळं जमलं. अगदी खरा, शंभर टक्के पॉलिथिन पचवणारा जिवाणू सापडला. तर पचवून तो करणार काय? एक किलो पॉलिथिन पूर्ण पचलं तर तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. जाळल्यावरही तेवढाच होतो. आपण त्याला ज्वाळा नसलेली होळी म्हणू. शिवाय असा जिवाणू मोकळा सुटला तर तो कचऱ्यातली पिशवी आणि तुमच्या घरातल्या पाण्याचा पाइप यांत फरक कसा करणार, हेही एकदा पावडरवाल्यांना विचारायला हवं.

जिवाणू आणि एन्झाइम यांच्यात काहीच दम नाही असं मात्र मुळीच नाही. २०१६ साली जपानमध्ये साकाई शहरातल्या बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या जागी पेट खाणारा जिवाणू सापडला. २०२० मध्ये फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीने आणि तिथल्या संशोधकांनी सुधारलेल्या एन्झाइमने १० तासांत ९० टक्के पेट त्याच्या मूळ घटकांपर्यंत उलगडून दाखवलं. उलगडून, पचवून नव्हे. त्या घटकांपासून पुन्हा बाटली करता येते. हे मला खरंखुरं सोल्यूशन वाटतं. पण अटी बघा: ७२ अंश तापमान, मोठी बंद टाकी, आधी दळून तयार केलेला माल, आणि त्यात फक्त पेट. पॉलिथिन नको, भाजीची देठं नकोत, डायपर नको, आमटी सांडलेला डबा नको.

म्हणजे सगळ्यात हुशार एन्झाइमलाही निवडलेला माल लागतो. अळीलासुद्धा लागतो, थर्मोकोल खाणारी चिप्सच्या पाकिटावर जगत नाही. आणि आम्ही काय केलं, तर एन्झाइमच्या भरवशावर आधी निवडणाऱ्या माणसाला काढायला निघालो! उद्या फ्रान्समधून ती टाकी जरी आमच्या पार्किंगमध्ये आणून बसवली, तरी तिच्या तोंडाशी कोणीतरी बसून पेट वेगळं करून द्यावंच लागेल. तो 'कोणीतरी' आत्ता आमच्याकडे आहे. रोज सकाळी सातला येतो.

मी त्या ताईंना मोबाइलवर अळीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी नीट पूर्ण बघितला. मग विचारलं, "हे चिप्सचं पाकीट खातंय का, दादा? तेवढंच कोणी घेत नाही. बाकीचं जातंय सगळं."

मला दीड तासाच्या प्रेझेंटेशनमध्ये जो प्रश्न सुचला नाही तो हा. मग त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. कुठलं प्लास्टिक हातात चुरचुर वाजतं, कुठलं मऊ लागतं, दुधाची पिशवी धुतलेली असेल तर वेगळा भाव आणि चिकट असेल तर वेगळा, एकाच बाटलीचं झाकण वेगळ्या ढिगात का जातं. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पेट, एवढी नावं त्यांना माहीत नाहीत, पण वर्गीकरण माझ्यापेक्षा अचूक. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकच्या थरावर धातूचा मुलामा असतो, म्हणून ते कुठल्याच ढिगात बसत नाही. याच कामातल्या लोकांनी १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि आपण करतो ते काम आहे, भीक नव्हे, हे मान्य करून घ्यायला वर्षानुवर्षं झगडले. ओईसीडीच्याच हिशोबाने जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल होतो. त्या ९ मधला आपला वाटा अशाच हातांतून जातो. जिवाणूंचा वाटा त्या हिशोबात कुठेच नाही.

आणि ९ च का? कारण चिप्सचं पाकीट. जे बनवतानाच ठाऊक असतं की याचं पुढे काहीही होणार नाही, ते बनवणाऱ्याला आपण काही विचारत नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला, ५ हजारांपासून २५ हजारांपर्यंत. पहिले दोन महिने काय धाक होता! आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला पिशवी मागितली की हात जोडायचा. जुलै २०२२ मध्ये केंद्रानेही एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आणली. आज तोच भाजीवाला न मागता पातळ पिशवी देतो, आणि आपण घेतो, घरी कापडी पिशव्यांचा ढीग असताना. मी पण घेतो, विसरलो की. पण घेताना आता हल्ली एक नवीनच समाधान आपल्या डोक्यात असतं: कुठेतरी कुणीतरी शास्त्रज्ञ यावर काम करतोय, अळी सापडली आहे. अळीने एक ग्रॅमही प्लास्टिक कमी केलं नाही, पण आपली टोचणी मात्र किलोंनी कमी केली. ते पचवण्यात ती खरंच तरबेज आहे.

"अरे पण सायन्स पुढे जातंच की," लिफ्टमित्र काल परत म्हणाला. "पहिले कॉम्प्युटर खोलीएवढे होते." हा युक्तिवाद आपल्या धंद्यातले लोक कशालाही लावतात. चिप दर दोन वर्षांनी दुप्पट झाली म्हणून अळीचं तोंड दुप्पट होत नाही. आणि समजा झालं, २०४० साली झालं, तरी मधल्या वर्षांचा कचरा कोण निवडणार? मी त्याला म्हटलं, तू तुझ्या क्लायंटला 'बॅकअप बंद करा, क्वांटम कॉम्प्युटर येतोय' असं सांगशील का? तो हसला आणि म्हणाला, रविवारी बघू.

तर आता बादल्या.

पावडरवाल्याने नमुन्याचं एक पाकीट सोडलं होतं. मीटिंगच्या रात्रीच मी गच्चीवर दोन बादल्या मांडल्या. दोन्हीत सारखी माती, सारखी भाजीची देठं, दुधीच्या साली, आणि अर्धा लिटर दुधाची एकेक रिकामी पिशवी, धुऊन, वाळवून, वजन करून. काटा शंभरांश ग्रॅमचा, मुलीच्या प्रदर्शनाच्या वेळी घेतलेला. एका बादलीत सांगितल्याबरहुकूम पावडर, दुसरीत नाही. दर दोन दिवसांनी पाणी शिंपडलं, आठवड्याला ढवळलं. ऑफिसच्या ट्रिपला गेलो तेव्हा मुलीने ढवळलं.

आज सकाळी ४५ दिवस झाले. दोन्ही बादल्यांतली देठं आणि साली गायब, छान काळं खत झालंय, दोन्हीत सारखंच. पिशव्या काढल्या, नळाखाली धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या. पावडरच्या बादलीतली पिशवी सुरुवातीला २.८१ ग्रॅम होती. आत्ता २.८१ आहे. ती खिशात घालून मी रविवारी मीटिंगला जाणार आहे. वापरण्याची अंतिम तारीख अजून स्वच्छ वाचता येते.